मुले गोष्ट ऐकत नाहीत तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला मुळीच सवय नाही. चिटणीसबाई परवा घरी आल्या तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. त्या म्हणाल्या, "वहिनी, शनिवारच्या गोष्टींविषयी वर्धापनदिनाला दहा-पंधरा मिनिटे बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवीपर्यंत शिकलेली. मी काय बोलणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "मुलांना गोष्ट सांगायला कोणती परीक्षा द्यावी लागते? जे घडले ते सांगा." म्हणून जे घडले तेच सांगायला उभी आहे. त्यात माझ्या फजितीचाच भाग जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्या मंडळातर्फे दर शनिवारी संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर लहान मुलांना गोष्टी सांगण्याचा कार्यक्रम चालतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याला आता दोन वर्षे होतील. तीन वर्षांपासून आठ वर्षांपर्यंतची पंचवीस-तीस मुले येतात. गोष्टी सांगण्याचे काम माझ्याकडे आले ते मी आपण होऊन मागून घेतले म्हणून. माझी समजूत अशी होती की या कामात मी तरबेज आहे. माझ्या दोन्ही मुलांना मी वर्षानुवर्षे रात्री गोष्टी सांगितल्या. सासूबाईंच्या तोंडून ऐकलेल्या चाळीसएक गोष्टी मला तोंडपाठ आहेत. तेव्हा आणखी काय लागणार?

पण भगिनींनो, चार माणसांची आमटी ज्या हाताला छान जमते, त्याच हाताची शंभर पानांच्या पंगतीची आमटी बिघडते, हे आपण लग्नकार्यात पाहिलेले आहे. तसेच गोष्टीचे आहे. घरी मूल आपल्या कुशीत असते, दिवा मालवलेला असतो, त्याचे डोळे जड झालेले असतात. ओसरीवर तीस मुले असतात, उजेड लख्ख असतो, समोरून रस्ता वाहत असतो, आणि प्रत्येकाच्या शेजारी चिमटा काढण्याजोगे दुसरे मूल बसलेले असते.

पहिल्या शनिवारी मी ध्रुवाची गोष्ट निवडली. संस्कारांची गोष्ट सांगावी असा माझा विचार. मी खुर्चीवर बसले, मुलांना रांगेत बसवले आणि सुरुवात केली. एक होता राजा, त्याच्या दोन राण्या. राण्यांची नावे सांगून होईतो एकाला तहान लागली. त्याला पाणी दिले तर आणखी अकरा जणांना लागली. पाणी झाल्यावर एकीने उठून, "काकू, माझा दात हालतोय," असे सांगितले, आणि तो दात पाहायला पुढची सगळी रांग तिच्याभोवती गोळा झाली. एवढ्यात रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजली. मुलांची तोंडे मी रस्त्याकडे केली होती ना! ध्रुव वनात जाईपर्यंत माझी निम्मी मुले ओसरीवरून निघून गेली होती. राहिलेल्यांपैकी एक झोपले होते आणि एकाने चड्डी ओली केली होती.

मला फार राग आला. पुढच्या शनिवारी मी शाळेतल्यासारखे "हाताची घडी, तोंडावर बोट" केले. मुले गप्प बसली, नाही असे नाही. पण त्यांचे डोळे विझल्यासारखे झाले. गोष्टीत हत्ती आला काय आणि मुंगी आली काय, त्यांना सारखेच. गप्प बसणे म्हणजे ऐकणे नव्हे, एवढे मला त्या दिवशी समजले. पण मग करावे काय, हे समजले नाही.

त्यातच एक पाच वर्षांचा मुलगा होता. तो सर्वांत मागे बसायचा. पुढच्या मुलीची वेणी ओढायचा, मधेच उठायचा, मुलांच्या अंगावरून चालत पुढे यायचा आणि माझ्या अगदी तोंडाशी उभा राहायचा. मागे जा म्हटले की जायचा, आणि पुन्हा यायचा. तिसऱ्या शनिवारी मी त्याचा दंड धरला आणि त्याला ओसरीच्या खाली उभे केले. "ज्याला ऐकायचे नाही त्याने घरी जावे," असे मी सर्वांदेखत म्हणाले. तो थोडा वेळ पायरीशी उभा राहिला आणि निघून गेला. पुढच्या शनिवारी तो आला नाही. खोटे कशाला सांगू, मला बरेच वाटले. त्याच्याविषयी पुढे सांगते.

आपल्या आळीत अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. माझी फजिती त्या पलीकडच्या ओट्यावरून पाहत होत्या. त्यांनी मला गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' वाचायला दिले. गिजुभाई हे गुजरातेत भावनगरला होते. वकिली सोडून ते मुलांच्या शिक्षणात पडले, आणि 1920 साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. हे पुस्तक म्हणजे एका कल्पित शिक्षकाची हकीगत आहे. तो शिक्षक मोठ्या हौसेने वर्गावर जातो. पहिल्याच दिवशी मुलांकडून शांततेचा खेळ करून घ्यावा असे त्याने ठरवलेले असते, पण मुले असा काही गोंधळ घालतात की त्याला सुट्टी द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, तेव्हा कोठे तीच मुले त्याच्याजवळ बसतात. मी ते पान वाचले आणि मला हायसे वाटले. एवढ्या मोठ्या माणसाला हे लिहावेसे वाटले, म्हणजे ही फजिती काही माझ्या एकटीची नव्हे!

त्याच बाईंनी मला ताराबाई मोडकांविषयी सांगितले. गिजुभाईंबरोबर काम केलेल्या या आपल्या मराठी बाई. 1945 साली त्यांनी बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, 2014 पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, कोणाला गुरे. तेव्हा मुले येत नाहीत म्हणून त्यांच्यावर रागावत न बसता ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे 1975 सालच्या 2 ऑक्टोबरला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. ताराबाईंच्या बरोबरीने अनुताई वाघ होत्या, आणि दोघींनी 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. शंखशिंपले, पाने, बिया, जे आसपास मिळेल त्यातून त्यांनी मुलांच्या शिकण्याची साधने केली.

हे ऐकून मी मनाशी म्हटले, मुले गोष्टीकडे येत नसतील तर गोष्टीने मुलांकडे जायला हवे. पण म्हणजे नेमके काय करायचे, ते मात्र एकेक शनिवार चुकत चुकतच कळत गेले.

सर्वांत आधी मी खुर्ची सोडली आणि पाटावर बसले. माझे तोंड मुलांच्या तोंडासमोर आले, एवढ्यानेच पुष्कळ फरक पडला. मग मुलांची पाठ रस्त्याकडे केली. आता कुल्फीवाला फक्त मला दिसतो, आणि माझा मोह मी आवरू शकते. रांगा मोडून अर्धगोल केला, दोन ओळींचा. गोष्टीच्या आधी सगळ्यांनी मोरीकडे जाऊन यायचे आणि पाणी पिऊन घ्यायचे. वेळही बदलली. पूर्वी आम्ही सहाला बसत होतो, तेव्हा मुले भुकेलेली असत. आता साडेचारला बसतो, घरी काहीतरी खाऊन झाल्यावर. उपाशी मुलाला कोणतीही गोष्ट गोड लागत नाही, आणि हे मला, दोन लेकरांच्या आईला, सहा शनिवार सुचू नये याचे नवल वाटते.

मोठ्या मुलांचा प्रश्न निराळा होता. सात-आठ वर्षांची मुले लहानांना चिडवीत. त्यांना मी प्रत्येकी एक लहान मूल सांभाळायला दिले. "याला गोष्ट नीट ऐकू येते की नाही ते तू पाहायचे." ज्याच्या मांडीवर दुसरे मूल आहे त्याला उठून पळता येत नाही, हा त्यातला गुप्त डाव. पण खरोखरच ती मुले जबाबदारीने वागू लागली.

आता थोडे आपल्याविषयी बोलते, रागावू नका. ओसरीवर सर्वांत जास्त आवाज मुलांचा नव्हता. खांबाला टेकून बसलेल्या आयांचा होता. भाजी काय केली इथपासून कोणाच्या सुनेचे काय झाले इथपर्यंत सगळे तेथे चालत असे. मूल गोष्टीत रंगले की आई मागून म्हणायची, "नीट बस, शर्ट मळेल." आणि मुलाचे ध्यान उडायचे. म्हणून मग आयांनी एक तर मुलांत बसून गोष्ट ऐकावी, नाही तर घरी जाऊन अर्धा तास आराम करावा, असे मी हात जोडून सांगितले. दोघी-तिघींना राग आला होता. आता त्याच पुढे बसतात.

हातांचे तर मोठेच प्रकरण झाले. मुलांच्या हातांना काम नसले की ते दुसऱ्याच्या वेणीकडे जातात, हे पाहून मी एकदा प्रत्येकाला मूठभर चिंचोके दिले. मुले शांतपणे चिंचोके मोजत ऐकू लागली. मी मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तोच एका चार वर्षांच्या मुलीने चिंचोका नाकात घातला. तिला रिक्षाने डॉक्टरांकडे नेले. चिंचोका निघाला, पण तिच्या आईचा चेहरा मी विसरले नाही. तेव्हापासून नाकातोंडात जाईल अशी कोणतीही बारीक वस्तू मुलांच्या हातात द्यायची नाही. मोसंबी द्यावी, लाटणे द्यावे, बोंडासकट कापूस द्यावा. आपल्या जालन्यात मोसंबीला आणि कापसाला काय तोटा!

आणि हातांना खरे काम गोष्टीतूनच मिळते. चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. शेणाचे घर, मेणाचे घर, आणि पाऊस. ही गोष्ट मी दोन वर्षांत तीस वेळा तरी सांगितली असेल. पावसासाठी मी घरून सूप आणते. सुपावर बोटांची टोके हळू हळू वाजवली की भुरभुर पाऊस पडतो, तळव्याने वाजवले की धो धो. कावळा दार वाजवतो तेव्हा सगळ्या मुलांनी फरशीवर मुठीने वाजवायचे. मग चिमणी काहीतरी कारण सांगते आणि दार उघडत नाही. ती कारणे मी आता सांगतच नाही, मुले सांगतात. कोणी म्हणते, "थांब, बाळाला टीप घालते." कोणी म्हणते, "थांब, नळाला पाणी आलंय." एकदा एक म्हणाला, "थांब, मोबाईल चार्जिंगला लावते." भगिनींनो, त्या मुलाच्या घरी त्याला कशाकशासाठी थांबावे लागते ते मला तेव्हाच कळले.

गोष्टीत एकच बोल फिरून फिरून यावा, आणि तो मुलांनी म्हणावा. माझ्या सासूबाईंच्या गोष्टी सगळ्या अशाच होत्या. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी घ्या, टोपी शिवून घेणारा उंदीर घ्या. पुन्हा पुन्हा तेच, आणि दर वेळी थोडे पुढे. ध्रुवाच्या गोष्टीत तसे काही नाही. ती गोष्ट वाईट नव्हे, पण तीन वर्षांच्या मुलासाठी ती लांब पडते. आता मी लहानांसाठी आधी सात-आठ मिनिटांची एकच गोष्ट सांगते. मग लहान मुले आजीमंडळींबरोबर अंगणात खेळायला जातात, आणि मोठ्यांना मोठी गोष्ट मिळते.

मोठ्यांना आपल्या गावची गोष्ट फार आवडते. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, 1608 सालचे. लहानपणी नारायण एकदा घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात लपून बसला आणि आई त्याला शोधून शोधून थकली, असे सांगतात. मुलांना पुढच्या उपदेशाशी कर्तव्य नसते, लपण्याशी असते. मी आई होते आणि हाका मारते, मुले श्वास रोखून बसतात. तीस मुले आपण होऊन चिडीचूप! "हाताची घडी" करून जे साधले नव्हते ते नारायणाने साधले. एकाने मात्र विचारले, "काकू, अंधारात त्याला उंदीर नाही चावला?" मी म्हटले, "तो फार हळू बसला होता, उंदराला कळलेच नाही."

आणि आपला हा गड! मस्तगडात राहणाऱ्या मुलांना वाटते की मजा येते म्हणून त्याचे नाव मस्तगड. मी त्यांना सांगितले, हा गड 1725 सालचा, तीनशे वर्षांचा. तीनशे म्हणजे किती ते त्यांना कसे कळणार? म्हणून आम्ही मोजले. माझी आई, तिची आई, तिची आई, तिची आई, अशी एकेक मुलगी उभी करत गेले. बारा-तेरा मुली ओसरीभर उभ्या राहिल्या, तेव्हा गडाचे वय झाले. शेवटच्या मुलीला आम्ही विचारले, "आजी, गड बांधताना तुम्ही काय पाहिले?" ती म्हणाली, "गाढवं पाहिली, दगड आणत होती." पुढची गोष्ट मग तिनेच सांगितली.

आपल्याकडे हल्ली स्टीलच्या कारखान्यांत काम करणाऱ्या परप्रांतीय मजुरांची मुले पुष्कळ आहेत. बिहारकडची एक छोटी नेहमी दुसरीकडे पाहत बसायची. मला वाटे, हिला गोडी नाही. गोडी होती, मराठी नव्हती. आता मी चिमणी म्हटले की ती "चिड़िया" म्हणते आणि सगळी मुले तिच्यामागून म्हणतात. शेजारच्या मोहल्ल्यातली मुले कावळ्याला "कव्वा" म्हणतात. एका कावळ्याची दोन-दोन नावे म्हणताना गोष्ट लांबते खरी, पण कोणी बाहेर पाहत नाही.

मोबाईलविषयी मला नेहमी विचारतात. एका मुलाने माझ्या चित्रांच्या पुस्तकातल्या वाघावर बोट फिरवून पाहिले, वाघ सरकतो का म्हणून. सरकला नाही तेव्हा तो हिरमुसला. मी मोबाईलशी भांडत नाही, माझ्याही घरात तो आहे. परंतु मोबाईलमधली बाई मुलासाठी थांबत नाही. चिमणी-कावळ्याची गोष्ट संपल्यावर, कावळ्याची खोड मोडली म्हणून सगळी मुले टाळ्या वाजवत असताना एका मुलीने मला विचारले, "मग कावळा रात्री कुठे झोपला?" इतकी वर्षे ही गोष्ट मी सांगत आले, माझ्या सासूबाईंनी सांगितली, पण कावळा त्या रात्री कुठे झोपला याचा विचार आम्ही कोणी केला नव्हता. मला उत्तर देता आले नाही. मी म्हटले, "तुम्हीच सांगा." त्या दिवशी मूळ गोष्टीपेक्षा ती चर्चाच जास्त वेळ चालली. शेवटी कावळा आपल्याच ओसरीच्या वळचणीला झोपला असे ठरले, आणि जाताना मुलांनी वर पाहून घेतले. मी पूर्वी गोष्ट संपली की तात्पर्य विचारत असे. त्या दिवसापासून ते सोडून दिले.

आता त्या मुलाचे सांगते.

त्याला ओसरीखाली उतरवल्याला दोन-अडीच महिने झाले असतील. मी दळण घेऊन गिरणीवर गेले होते. तेथे तो आणि त्याची आजी उभी होती. गिरणीच्या घरघरीत कोणाचे कोणाला ऐकू येत नाही, आपण सगळ्या तोंडाकडे पाहून बोलतो. आजी त्याच्या उजव्या बाजूला वाकून, कानाशी तोंड नेऊन बोलत होती. गिरणी थांबली तरी ती तशीच बोलत राहिली. मी मागून त्याला हाक मारली. त्याने वळून पाहिले नाही. दुसऱ्यांदा मारली, तरी नाही. आजीने वळून पाहिले आणि म्हणाली, "बाई, त्याचा डावा कान वाहतो. उजव्यानंबी कमीच ऐकू येतं. तुम्ही त्याला मागं बसवलं, त्याला काय कळणार? तो म्हणायचा, काकूचं तोंड दिसत नाही."

माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला. तो मुलगा मुलांच्या अंगावरून चालत पुढे येत होता तो ऐकण्यासाठी येत होता. तीस मुलांत जर कोणी जिवाचे कान करून ऐकत असेल, तर तोच. आणि त्यालाच मी "ज्याला ऐकायचे नाही त्याने घरी जावे" असे म्हणाले. ते वाक्य त्याला ऐकू आले की नाही, हे मला अजून माहीत नाही. दंड धरलेला मात्र त्याला नक्कीच कळला.

कान वाहतो हे आपल्याकडे पुष्कळदा सर्दीपडशासारखे समजतात. कानात तेल घालतात, वाहायचा थांबला की विसरतात. मी त्या निवृत्त बाईंना विचारले. त्यांनी सांगितले की 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात डॉक्टरांचे पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतल्या मुलांना एकदा तपासते. त्यात कानही पाहतात, आणि जरूर तर पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवतात. हा मुलगा अंगणवाडीत नियमाने जात नव्हता. त्या बाई स्वतः आजीबरोबर सरकारी दवाखान्यात गेल्या. कानाच्या पडद्याला छिद्र आहे असे निघाले. औषध मिळाले, कानात तेल-पाणी काही जाऊ द्यायचे नाही अशी ताकीद मिळाली. कान आता कोरडा आहे. ऑपरेशनचे डॉक्टर पुढे ठरवणार आहेत.

पण तो गोष्टीला येईना. एका शनिवारी मी स्वतः आणायला गेले, तो दाराआड लपला. दुसऱ्या शनिवारी गेले, तेव्हाही तेच. बोलावून मूल येत नाही, हे मला तोपर्यंत कळायला हवे होते. तिसऱ्या शनिवारी मी सूप घेऊन त्याच्या दारात गेले आणि त्याच्या समोर बसून म्हटले, "माझ्याकडे आज पाऊस पाडायला कोणी नाही. सूप धरशील का?" त्याने सूप घेतले.

तेव्हापासून पाऊस तोच पाडतो. माझ्या उजव्या हाताला, माझ्याकडे तोंड करून बसतो, म्हणजे त्याचा उजवा कान मुलांकडे राहतो आणि माझे ओठ त्याला दिसतात. सुपाचा आवाज त्याला किती येतो कोण जाणे, पण बोटांना कळतो. भुरभुर कधी आणि धो धो कधी हे मी खुणेनेही सांगत नाही, तो माझ्या तोंडाकडे पाहून ओळखतो. त्याच्यामुळे मलाही एक वळण लागले. मी आता सावकाश बोलते, तोंड झाकत नाही, मान खाली घालून पुस्तकातून वाचत नाही. आणि नवीन मूल आले, आणि ते फार हालचाल करू लागले, की मी आधी त्याच्या मागे जाऊन हळूच टाळी वाजवून पाहते.

मला आणखी एक विनंती करायची आहे. मुलांची संख्या आता चाळीसवर गेली आहे. लहानांची आणि मोठ्यांची गोष्ट एकाच वेळी निरनिराळ्या जागी सांगता आली तर बरे होईल. त्यासाठी आपल्यापैकी दोघी जणी मला हव्या आहेत. गोष्टी येत नसतील तर मी शिकवीन, चाळीस आहेत माझ्याजवळ. आणि ज्यांच्या घरी जुने सूप असेल त्यांनी ते येत्या शनिवारच्या आत माझ्याकडे पाठवावे. माझे दोन पावसाळ्यांत फाटले आहे, आणि पाऊस पाडणारा रोज येता-जाता मला त्याविषयी विचारतो.